‘मी तयार नव्हतो’ हे कोर्टात चालत नाही

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकात पोटगीवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की लग्न न होता झालेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते, तर त्या एका वाक्यावर जेवढे मेसेज आले तेवढे जमिनीच्या वाटणीवर पण येत नाहीत, आणि आपल्या बेळगाव भागात वाटणीपेक्षा लाडका विषय दुसरा कुठला ते मला तरी माहीत नाही. त्यात निम्म्याहून जास्त मेसेज पुरुषांचे. काही रागाचे, काही खरोखर घाबरलेल्या पोरांचे. म्हणून ह्या वेळी सगळा कॉलम ह्याच विषयाला देतेय. माणसं ओळखू येतील असं सगळं काढून टाकलंय, त्यामुळं आपल्या गल्लीतलं कोण असेल हे शोधत बसू नका.

प्रश्न (उद्यमबाग): आक्का, मी २४ चा आहे, सीएनसीवर आहे, हातात १८ हजार पडतात. बाजूच्या कंपनीत पॅकिंगला असलेल्या पोरीबरोबर दोन वर्षं आहे, ती २२ ची. आता तिला दहावा आठवडा चालू आहे. जात वेगळी, घरात कळलं तर मला उंबऱ्यातून आत घेणार नाहीत. मी म्हटलं काढून टाकू, खर्च माझा, ती आधी हो म्हणाली आता नको म्हणते. एक मित्र म्हणतो काय टेन्शन घेऊलायस, मेडिकलमधून गोळ्या आणू, ज्यूसमधून दे, तिला कळणार पण नाही. दुसरा म्हणतो शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घे की माझा संबंध नाही, एकदाच काय ते पैसे देऊन मोकळा हो. मला तिला फसवायचं नाही. पण मी तयारच नव्हतो तर जबरदस्ती का? माझ्या मताला काही किंमत नाही काय?

उत्तर: आधी ज्यूसचं, कारण बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भ पाडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, वर दंड. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात, तिला दहावा चालू आहे म्हणतोस, शिवाय गर्भ नळीत राहिला असेल तर ह्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटते आणि बाई दगावू शकते. तुझ्या मित्राला ह्यातलं काही माहीत नाही आणि केस झाली तर तो तुझ्या शेजारी उभा राहणार नाही. त्याचा नंबर ब्लॉक कर.

आता स्टॅम्प. शंभरचा घे नाहीतर पाचशेचा, त्यानं काही होत नाही. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईनं सही केली म्हणून मुलाचा हक्क जात नाही. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय, दोन्हीत एकच गोष्ट सरळ लिहिलीय की मूल औरस असो नाहीतर अनौरस, ऐपत असलेल्या बापानं त्याला पोसायचं. लग्न झालंय काय, जात कुठली, घरचे काय म्हणतात ह्यातला एकही प्रश्न त्या कलमात नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्यातही कलम २० मध्ये हेच आहे.

मताचं विचारलंस. मत आहे की तुला, सांग तिला, एकदा नीट शांतपणे सांग, भीती काय आहे ते पण सांग. पण निर्णय तिचा. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारला, त्यात १८ वर्षांवरच्या बाईच्या फक्त तिच्याच संमतीची गरज आहे. नवऱ्याची सही लागत नाही, बॉयफ्रेंडची तर प्रश्नच नाही. ठेवायचं म्हणाली तर तू थांबवू शकत नाहीस, नको म्हणाली तर तू अडवू शकत नाहीस. अविवाहित मुलीला हा कायदा लागू नाही असं अजून बरेच जण समजतात, डॉक्टरसुद्धा कधीकधी घाबरवतात, तर सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलंय की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद ह्यात करायचा नाही.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न, जो ह्या महिन्यात मला बऱ्याच जणांनी विचारला, की निर्णय तिचा आणि पैसे माझे हा कुठला न्याय? प्रश्न वेडगळ नाही, म्हणून टाळत नाही. बघ, ह्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकात मिसळतोयस. गर्भ आहे तोवर सगळं तिच्या अंगात चाललंय, उलट्या तिला, रक्त कमी तिचं, जिवाला धोका तिला, म्हणून तिथं तिचा शब्द शेवटचा. मूल जन्मलं की तिसरं माणूस आलं, आणि ते तिसरं माणूस तुम्हा दोघांकडं सारखंच बघतं. पोटगी म्हणजे तू मजा केलीस म्हणून दंड नव्हे. ती त्या मुलाचं दूध, औषध, शाळा. त्या मुलानं तुझ्याशी कसलाही करार केला नव्हता, त्यामुळं ‘मी तयार नव्हतो’ हे वाक्य तू तिला ऐकवू शकतोस, त्याला ऐकवून उपयोग नाही. आणि तीही जन्मानंतर सुटत नाही, पोसायचं तिलाही आहेच, ते तर कुणी विचारत पण नाही, धरूनच चालतात. पुरुषाचा निर्णय जिथं पूर्ण त्याच्या हातात असतो ती वेळ आधीची असते, ती तू घालवलीस. कंडोमचं पाकीट मेडिकलमध्ये मागायला लाज वाटते आणि गर्भपाताच्या गोळ्या त्याच मेडिकलमध्ये मागायला वाटत नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तर ह्या आठवड्यात काय करायचं. तिला घेऊन बायकांच्या डॉक्टरकडं जा, बाहेर बाईकवर बसू नकोस, ती हो म्हणाली तर आत जा. सोनोग्राफी होऊदे, किती आठवडे ते नक्की कळूदे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो, २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ठराविक कारणंच चालतात. म्हणजे तिला विचार करायला वेळ आहे, पण तू ‘बघू की, बघू की’ करत दोन महिने काढलेस आणि मग तिला दुसरा रस्ताच उरला नाही तर तो तिचा निर्णय नव्हता, तो तुझा होता, हे लक्षात ठेव. डॉक्टरला तिचं नाव कुणाला सांगता येत नाही, तसं कायद्यातच आहे, तिला हे सांग, तिला धीर येईल.

लग्नाबद्दल मी मुद्दामच काही बोलले नाही. दोघांना पाहिजे असेल तर करा, जात वेगळी म्हणून कायदा अडवत नाही. पण पोट दिसायच्या आत उरकायचं म्हणून लावलेली लग्नं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर रोज बघते, आठव्या महिन्यात माहेरी सोडून आलेली. लग्न न करता पण बाप म्हणून उभं राहता येतं. आणि मूल जन्माला घालून वाढवणं जमणारच नाही असं तिला वाटलं तर बालकल्याण समितीसमोर रीतसर मूल सोपवता येतं, नंतर ६० दिवस विचार बदलायला मिळतात. ओळखीच्या कुणाला परस्पर देऊन टाकू नका, कितीही चांगली माणसं असली तरी.

प्रश्न (खानापूर तालुका): वकीलबाई नमस्कार. मुलगा मिलिटरीत आहे. सुट्टीला आला होता तेव्हा गावातल्या एका पोरीबरोबर काय ते झालं म्हणतात. आता तिच्याकडची माणसं दारात येऊन बसली, सहावा महिना आहे म्हणे. मुलगा फोनवर आधी म्हणाला माझं नाही, मग म्हणाला असेल पण लग्न करणार नाही. पोरगीच तसली आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. डीएनए करावं काय? नोकरी जाईल काय त्याची? पंच म्हणतात दोन लाख देऊन मिटवा.

उत्तर: मावशी, ‘माझं नाही’ आणि ‘असेल’ ह्या दोन वाक्यांच्या मध्ये तुमच्या मुलानं उत्तर देऊन टाकलंय, तुम्ही ते ऐकलंय पण.

डीएनए बाळ जन्मल्यावर करता येतं. पोटात असताना करून घेतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्या नादाला लागू नका. दोघांची तयारी असेल तर प्रश्न नाही, नसेल तर कोर्टाकडं मागावं लागतं, आणि कोर्ट उठसूट ऑर्डर देत नाही, खरंच गरज आहे काय बघतं. पण एकदा ऑर्डर झाली आणि मुलगा रक्त द्यायला गेलाच नाही, तर कोर्ट त्यावरून त्याच्या विरुद्ध अर्थ काढू शकतं. मोठमोठ्यांचं चाललं नाही तिथं. नारायण दत्त तिवारी, मुख्यमंत्री काय राज्यपाल काय सगळं होऊन गेलेला माणूस, वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिले, शेवटी २०१२ मध्ये कोर्टानं रक्त घ्यायला लावलं आणि रोहित शेखर त्यांचाच मुलगा निघाला.

नोकरीचं. मूल झालं म्हणून कुणाची नोकरी जात नाही, पण लपवून ठेवलं म्हणून वाचतही नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्येच लिहिलंय की बायकोच्या आणि औरस-अनौरस मुलाच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून कपात करता येते. म्हणजे सैन्यानं हे आधीच धरून ठेवलंय, गाव अजून धरत नाही. मराठा रेजिमेंट आपल्याच गावात, घराघरात एक फौजी, आणि ही गोष्ट सांगितली की लोक मलाच वेड्यात काढतात.

लग्नाला नाही म्हणणं हा गुन्हा नाही. लग्न करतो म्हणून खोटं बोलून, मनात आधीपासून करायचंच नसताना संबंध ठेवले असतील तर मात्र न्याय संहितेच्या कलम ६९ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरोखर करायचं होतं पण पुढं जमलं नाही, ही गोष्ट वेगळी, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हा फरक नीट सांगितलाय. तुमच्या मुलानं तिला काय कबूल केलं होतं ते त्याला विचारा, आणि तिला काय मेसेज पाठवलेत ते पण, कारण ते मेसेज तिच्याकडं आहेत.

दोन लाखाचं. पैसे द्यायला कोण नको म्हणतंय, द्या, बाळंतपण जवळ आलंय, सोनोग्राफ्या, रक्त, औषधं, सगळं लागतं. पण ते पंचांच्या हातात देऊ नका आणि ‘मिटलं’ असं लिहून घेऊ नका, त्या लिहिण्याला बाळाच्या हक्कापुढं किंमत नाही. बाळाच्या नावानं ठेवा. आणि आता सहाव्या महिन्यात त्या मुलीला ‘काढून टाक’ म्हणून कुणी नेऊ नका, २४ आठवड्यांनंतर कायद्यानं ती वाट जवळजवळ बंदच होते, आणि चोरून कुठं नेलं तर जीव जाईल.

‘पोरगीच तसली’ ह्यावर मी लिहिणार नव्हते. पण राहवत नाही. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली होती, अपिलात शिक्षा कमी झाली, आणि सगळ्या पेपरांतून बायका कशा बिघडल्यात ह्यावर चर्चा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यावर १८८२ मध्ये पेटून लिहित्या झाल्या, की त्या बाईला दोष देता तर तिच्याबरोबरच्या पुरुषाचं काय. एवढी वर्षं झाली मावशी. ती ‘तसली’ असेल तर तुमचा मुलगा सुट्टीत तिथं काय भजनाला गेला होता? हे मी रागानं नाही म्हणत, तुमचं नातवंड असेल कदाचित ते, उद्या तुम्हालाच मांडीवर घ्यावंसं वाटेल, तेव्हा आज बोललेलं आठवायला नको.

प्रश्न (निपाणी): ताई, माझी मुलगी चार वर्षांची. तिचा बाप कागलकडचा, निपाणीत कामाला होता, घटस्फोट झालाय म्हणून सांगितलं, देवळात हार घातले, दीड वर्ष भाड्याच्या घरात राहिलो. मुलगी झाल्यावर कळलं बायको घरी आहे. मग गेला तो गेलाच. फोन केला तर हसतो, म्हणतो तू कर्नाटकात मी महाराष्ट्रात, काय करणार तू. शाळेत बापाचं नाव मागतात. माझ्याकडं वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

उत्तर: सीमेचा वाद सुप्रीम कोर्टात आहे तो नकाशाचा. बापाला त्यात लपायला जागा नाही. पोटगीचा कायदा केंद्राचा आहे, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला म्हणून बदलत नाही. उलट तुझ्या सोयीचं असं की तो जिथं राहतो तिथं तर केस घालता येतेच, पण तुम्ही दोघं शेवटचे जिथं एकत्र राहिलात तिथंही येते, म्हणजे निपाणीत. आणि ऑर्डर निघाली की तो जिथं सापडेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून ती वसूल करता येते. दिली नाही तर थकलेल्या महिन्याला एक महिन्यापर्यंत तुरुंग. एक लक्षात ठेव, थकबाकी वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, दोन-दोन वर्षं वाट बघत बसू नकोस.

‘मला काम नाही, मी बेकार आहे’ हे तो म्हणणारच, सगळे म्हणतात, कोर्टात पाऊल टाकलं की सगळ्यांचा धंदा बुडालेला असतो. २०२० पासून दोन्ही बाजूंनी कमाई, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. धडधाकट माणसानं मजुरी करून का होईना पोसायचं, हेही २०२२ मध्ये सांगून झालंय. निकालाला वेळ लागतो म्हणून मध्यंतरीची पोटगी माग, तिचा निर्णय नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, खोटं कशाला सांगू, पण मागितलंच नाही तर काहीच मिळत नाही.

तुझ्या स्वतःच्या पोटगीचं पण बघ. पहिली बायको लपवून दुसरीशी लग्न लावलं तर फसवणारा माणूस ‘लग्नच खरं नव्हतं’ म्हणून सुटू शकत नाही असं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. शिवाय २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या संबंधात राहिलेल्या बाईला पण संरक्षण आहे, पण तो विवाहित आहे हे तुला माहीत नव्हतं हा मुद्दा वकिलानं जोरात मांडायला पाहिजे. देवळात काय काय विधी झाले, कोण कोण होतं, फोटो आहेत काय, हे फार महत्त्वाचं. कारण लग्न लागलं होतं पण पहिली बायको असल्यामुळं ते रद्दबातल, असं सिद्ध झालं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नं तुझी मुलगी औरस ठरते, आणि बापाच्या वाट्याला येणाऱ्या मालमत्तेत तिला हक्क मिळतो, वडिलोपार्जित असली तरी त्याच्या वाट्यापुरता. हा निकाल १ सप्टेंबर २०२३ चा, आणि ती केस आपल्या कर्नाटकातली.

पुरावे आजच गोळा कर. घरमालकाची भाडेचिठ्ठी, गुगल पेचे व्यवहार, डिलिव्हरीची फाईल, तायी कार्डावर (गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड) नवऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलंय काय बघ, बहुतेक असणार, तेव्हा तो कौतुकानं लिहून घेत असतो. अंगणवाडीच्या नोंदी. जुना फोन विकू नकोस, चॅट उडवू नकोस, स्क्रीनशॉट काढून फोन पुसून टाकणाऱ्या बायका मला भेटतात तेव्हा डोकं धरायची वेळ येते, कोर्टाला मूळ फोन लागू शकतो.

पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. १९८७ च्या कायद्यानं बाईला आणि मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समिती असते, नाहीतर १५१०० ला फोन कर. शाळेला सांग की आईचं नाव आणि आईची सही पुरते. २०१५ मध्येच सुप्रीम कोर्टानं एकट्या आईला बापाचं नाव सांगायची सक्ती नाही असं म्हटलंय. मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही तर लेखी नकार माग, लेखी म्हटलं की बहुतेकांचं ऐकणं सुरू होतं.

प्रश्न (चिकोडी): मॅडम, दोन मुलं झाल्यावर मीच ऑपरेशन करून घेतलं, सरकारी दवाखान्यात, बिनटाक्याचं. पाच महिन्यांनी बायकोला दिवस गेले. आई आणि भाऊ म्हणतात आता काय ते समजून घे. तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं पण ऊसतोड चालू होती, गेलो नाही. बायको माझ्याशी बोलत नाही, नुसती रडते.

उत्तर: दादा, आधी तुमचं अभिनंदन करते, कारण देशात २०१९-२१ च्या सर्व्हेत बायकांच्या ऑपरेशनचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३ टक्के होतं. शंभरातल्या एकाच्याही आत तुम्ही आहात.

आता ऐका. नसबंदी केली त्या दिवसापासून माणूस सुरक्षित होत नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू राहिलेले असतात, म्हणून तीन महिने कंडोम वापरायचा आणि मग वीर्य तपासून डॉक्टरनं हिरवा कंदील दिला की मगच निर्धास्त. ती तपासणी तुम्ही केली नाही. म्हणजे पाच महिन्यांनी दिवस गेले ह्यात बायकोवर संशय घ्यायचं कारण तुमच्याकडं नाही, कारण तुमचं ऑपरेशन पूर्ण झालं की नाही हे तुम्हालाच माहीत नाही. क्वचित कापलेली नळी आपोआप परत जुळते, तेही होतं. उद्याच्या उद्या लॅबमध्ये जाऊन तपासणी करा. पण ती तपासणी तुमच्यासाठी, बायकोला दाखवायचा पुरावा म्हणून नव्हे. रिपोर्ट यायच्या आधी तिच्याशी बोला, रिपोर्ट आल्यावर बोललात तर ती आयुष्यभर विसरणार नाही.

आई आणि भावाला सांगा की लग्नात झालेलं मूल नवऱ्याचंच असं कायदा धरून चालतो, पुरावा कायद्यात आधी ११२ होतं आता साक्ष्य अधिनियमात ११६ कलम आहे, आणि ते उलटवायचं तर त्या काळात दोघं एकमेकांच्या जवळच नव्हते हे सिद्ध करावं लागतं. तुम्ही एकाच घरात होता. डीएनएची धमकी घरात कुणी देऊ नये.

हे मूल ठेवायचं की नाही हे तिला ठरवूदे. साधन फेल गेलं हे कारण कायद्यात आहे, नवऱ्यानं वापरलेलं साधन फेल गेलं तरी. तुमची सही लागत नाही, तुमची सोबत लागते. नसबंदी फेल गेली की सरकारकडून नुकसानभरपाई मिळायची सोय आहे, ऑपरेशनचे कागद घेऊन त्याच दवाखान्यात लवकर जा, मात्र तपासणीला गेला नव्हता हे ते काढतीलच. आणि हो, ठेवायचं नाही असं ठरलं तर त्याच वेळी तिचं ऑपरेशन उरकून टाका असं कुणीतरी सुचवेल. आधी तुमची तपासणी पूर्ण करा.

प्रश्न (हुक्केरी तालुका): माझा भाऊ १९ चा, मुलगी १७ ची, तिला दिवस गेलेत. दोघांच्या मर्जीनं झालं. दोन्ही घरचे लग्न लावून द्यायला तयार आहेत, मग प्रश्न काय?

उत्तर: प्रश्न मोठा आहे. १८ च्या आतली मर्जी कायदा मानत नाही, २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो. लग्न लावून तो सुटत नाही, कर्नाटकात बालविवाह मुळातच रद्दबातल आहे, आणि लग्न लावणारे, पत्रिका छापून जेवायला वाढणारे सगळे त्यात अडकू शकतात. लग्नाची तयारी थांबवा आणि आधी मुलीला दवाखान्यात न्या, पोलिसांच्या भीतीनं घरी ठेवून घेतलेल्या मुलींच्याच जिवावर बेततं. तिच्या आईवडिलांच्या संमतीनं तिची सगळी ट्रीटमेंट होते, आणि गर्भपात करताना डॉक्टरनं पोलिसांना कळवतानासुद्धा तिचं नाव सांगायची सक्ती नाही असं सुप्रीम कोर्टाच्या वर सांगितलेल्या २०२२ च्या त्याच निकालात आहे. मुलांच्या मदतीच्या १०९८ ह्या नंबरला फोन करा. भावासाठी वेगळा वकील बघा, मुलीच्या घरच्यांचा आणि त्याचा वकील एकच नको. भावानं गोव्याला पळून जाऊ नये, जो पळतो त्याच्याबद्दल कोर्टाला चांगलं काय वाटणार.

प्रश्न (वडगाव): मॅडम, माझा किस्सा थोडा उलटा आहे. तो सगळं मान्य करतो, प्रत्येक तपासणीला सोबत येतो. लग्न सध्या दोघांनाही नको, मूल पाहिजे. घरचे वेडे झालेत ते सोडा. बापाचं नाव लावायचं म्हटलं तर काय करायचं? आणि कागद सगळे कन्नडमधून, कुठं काय सही करतोय कळत नाही.

उत्तर: असा मेसेज वाचून बरं वाटलं, एवढंच म्हणते, जास्त कौतुक नको, तो करतोय ते करायलाच पाहिजे.

जन्माची माहिती हॉस्पिटलमधून जाते, म्हणून ॲडमिट होतानाच आई-बाप दोघांची नावं, स्पेलिंगसकट, आधार कार्डाप्रमाणं लिहून द्या, नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे. नोंदणी ऑफिसात विचारलं तर दोघांनी मिळून लेखी द्या, आणि ‘हे मूल माझं आहे’ असं त्याचं ॲफिडेव्हिट आत्ताच करून ठेवा. तरीही पालक म्हणून पहिला हक्क तुझाच राहतो, लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग बाप.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लग्नच झालं नसेल तर पोटगी मिळते, पण बाप मेला तर हिंदू वारसा कायद्यात मूल त्याचं वारस आपोआप होत नाही, फक्त आईचं होतं. म्हणून त्यानं मृत्युपत्र करावं, विम्याला आणि पीएफला नॉमिनी कोण ते बघावं. २६ व्या वर्षी मृत्युपत्र म्हटलं की पोरं हसतात. हसूदे, करून घे.

कन्नडचं असं की हॉस्पिटलचा फॉर्म असो, पोलिसांत दिलेली जबानी असो नाहीतर कोर्टाचं ॲफिडेव्हिट, मराठीत वाचून दाखवा म्हणायचं, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. जबानीखाली ‘मराठीत वाचून दाखवली, बरोबर आहे’ असं लिहायला लावायचं. कुणी चिडलं तर चिडूदे. ॲफिडेव्हिट दोन्ही भाषांत टाईप करून मिळतं, कोर्टाबाहेर टायपिंगला बसतात त्यांना आधीच सांगायचं, नंतर सांगितलं की परत पैसे घेतात.